झटक्यांच्या मधले दिवस



एका साध्या हिशेबापासून सुरुवात करू. एखाद्या माणसाला महिन्यातून दोनदा सूज येते. चढायला एक दिवस, ठाण मांडायला एक आणि उतरायला एक, असे दर वेळी तीन दिवस जातात. वर्षाचे ७२ दिवस सुजेत गेले. उरले २९३. या २९३ दिवसांत तो माणूस कामावर जातो, जेवतो, लग्नाकार्यात दिसतो. डॉक्टरांच्या केसपेपरवर या दिवसांपुढे काहीच लिहिलेलं नसतं, कारण या दिवसांत त्याला काही झालेलं नसतं. आजचं व्याख्यान मुख्यतः या २९३ दिवसांबद्दल आहे.

आजाराचं नाव हेरेडिटरी अँजिओएडिमा. डॉक्टर त्याला ‘एचएई’ म्हणतात. आईवडिलांकडून मुलांकडे येणारा, साधारण ५०,००० माणसांत एकाला होणारा आजार. कधी हात फुगतो, इतका की बोटं मिटत नाहीत. कधी पाऊल फुगतं आणि चप्पल चढत नाही. कधी एक पापणी, कधी ओठ, कधी सगळा चेहरा. कधी आतड्याच्या भिंतीला सूज येते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण माणूस पोट धरून जमिनीवर लोळतो आणि उलट्या थांबत नाहीत. जननेंद्रियांवरही सूज येते. सायकल चालवल्याने, घोड्यावर बसल्याने किंवा शरीरसंबंधानंतरही ती येऊ शकते. ही गोष्ट रुग्ण डॉक्टरांनाही सांगत नाहीत, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली पाहिजे. आणि कधीतरी सूज स्वरयंत्रापाशी येते. तिथे जागाच इतकी अरुंद असते की सूज वाढली तर श्वास बंद होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांना आयुष्यात एकदा तरी गळ्याची सूज येते. ती कोणाला आणि कधी येईल, हे आधी सांगता येत नाही.

ही सूज येते कशी? आपल्या रक्तात सी-वन इनहिबिटर नावाचं एक प्रथिन असतं. रक्तातल्या काही साखळी प्रक्रियांना आवर घालणं हे त्याचं काम. त्यांतलीच एक प्रक्रिया कॅलिक्रीन नावाच्या विकराची. कॅलिक्रीन मोकाट सुटलं की ते एका मोठ्या प्रथिनातून ब्रॅडिकायनिन नावाचा छोटा तुकडा कापून काढतं. हे ब्रॅडिकायनिन बारीक रक्तवाहिन्यांना चिकटलं की त्या नव्या माठासारख्या पाझरू लागतात आणि पाणी भोवतालच्या मांसात साचतं. एचएईच्या बहुतेक रुग्णांत, म्हणजे सुमारे ८५ टक्के लोकांत, हे आवर घालणारं प्रथिन कमी तयार होतं. उरलेल्या बहुतेकांत ते पुरेसं तयार होतं, पण नीट काम करत नाही. दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. साधारण चौथा-पाचवा हिस्सा रुग्णांमध्ये मात्र घराण्यात कोणालाच आजार नसतो, जनुकातला बदल त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो.

ही माहिती आता पाठ्यपुस्तकात आहे. ती तिथवर पोहोचायला पाऊणशेहून अधिक वर्षं लागली. १८८२ साली जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी अशा अचानक येणाऱ्या सुजेचं नीट वर्णन केलं. १८८८ साली विल्यम ऑस्लर यांनी, ते फिलाडेल्फियात असताना, एका २४ वर्षांच्या तरुणीची कहाणी लिहिली आणि तिच्या घराण्याच्या पाच पिढ्यांचा माग काढला. ऑस्लर यांच्याकडे ना रक्ताची तपासणी होती, ना जनुकशास्त्र. त्यांनी फक्त विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का? पुढची कित्येक दशकं हा मज्जातंतूंचा, म्हणजे थोडक्यात मनाचा, आजार समजला गेला. १९६३ साली व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी या रुग्णांच्या रक्तात सी-वन इनहिबिटरच नसल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे तो शरीराचा आजार ठरला. तोवर किती रुग्णांना ‘मन घट्ट करा’ असा सल्ला मिळाला असेल, याची नोंद कुठेच नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने बिघडते. ओठ फुगला, डोळा मिटला, की घरात पहिला शब्द येतो ‘पित्त उठलं’. अंगाला आमसुलाचं पाणी लावतात. मग फॅमिली डॉक्टर एव्हिलचं, म्हणजे अॅलर्जीवरचं, इंजेक्शन देतात, सोबत स्टिरॉइड. पित्ताच्या गांधींमागे हिस्टामिन नावाचं रसायन असतं. त्यावर ही औषधं लागू पडतात, आणि गांधी उठलेल्या बहुतेकांना खरोखर बरं वाटत असल्याने डॉक्टरांचंही त्यात फारसं चुकत नाही. पण एचएईच्या सुजेत हिस्टामिनचा हात नसतो. तिला खाज नसते, गांधी नसतात. एव्हिल, स्टिरॉइड, अॅड्रेनलिन यांपैकी कशालाच ती दाद देत नाही. काही जणांच्या अंगावर सूज येण्याआधी लालसर, जाळीदार नक्षी उमटते. तिला खाज नसते, पण तिलाही पित्तच समजलं जातं.

दोन-तीन दिवसांनी सूज आपोआप उतरते आणि श्रेय जातं शेवटी घेतलेल्या उपायाला. मग ते तिसऱ्या डॉक्टरांचं इंजेक्शन असो, काढा असो, नाहीतर अंगारा. पुढच्या वेळी घरातले आधी तोच उपाय करतात, आणि मधली वर्षं निघून जातात. पोटाच्या सुजेची गोष्ट याहून वाईट. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसतं, आतडं जाड दिसतं, रुग्ण कळवळत असतो, आणि सर्जन अॅपेंडिक्स काढायचं ठरवतात. काढलेलं अॅपेंडिक्स निरोगी निघतं. जगभरच्या एचएईच्या रुग्णांमध्ये पोटावर अशा विनाकारण झालेल्या शस्त्रक्रियेची खूण असणारे लोक भेटतात. युरोपातल्या काही देशांतल्या रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतच्या काळाचा मध्यक साडेआठ वर्षांचा निघाला. ज्या देशांत तपासणी आणि तज्ज्ञ दोन्ही हाताशी आहेत, तिथली ही गोष्ट.

निदान न होण्याची खरी किंमत जर्मनीतल्या माइंत्स विद्यापीठातल्या कोनराड बोर्क यांनी मोजली. १८२ कुटुंबांतल्या ७२८ रुग्णांचा अभ्यास त्यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांतले २१४ जण वारलेले होते. यांपैकी ७० जण गळ्याच्या सुजेने गुदमरून गेले. या ७० पैकी ६३ जणांना आपल्याला एचएई आहे हे माहीतच नव्हतं, निदान झालेले फक्त ७ होते. या आजारात नुसतं नाव कळण्याने माणूस वाचतो, हे सांगायला याहून मोठा पुरावा नको.

पण निदान झाल्यावर, जीव वाचल्यावर, पुढे काय? वैद्यकशास्त्राने या प्रश्नाकडे उशिरा पाहिलं.

बराच काळ डॉक्टर रुग्णाला एकच विचारत, मागच्या भेटीपासून सुजेचे किती झटके आले? चार आले असतील तर वाईट, दोन आले तर बरं, शून्य तर उत्तम. ही मोजणी आवश्यक आहेच. अडचण अशी की महिन्याला दोन झटके येणाऱ्या माणसाचं आयुष्य त्या सहा दिवसांपुरतंच बिघडलेलं नसतं. दाढ दुखते, पण दंतवैद्याकडे जाणं तो टाळतो, कारण दात काढल्यावर गळ्याला सूज येण्याचा धोका खरा आहे. दूरच्या गावची लग्नं टाळतो. ट्रेकला जात नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री, मुलाखतीच्या सकाळी, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सूज येईल या धास्तीत राहतो, आणि मानसिक ताण हे या आजारात सूज सुरू करणारं एक नेहमीचं कारण असल्याने ती धास्ती पुष्कळदा खरीही ठरते. जिथे जातो तिथलं मोठं रुग्णालय कुठे आहे ते आधी बघून ठेवतो. रात्री घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं की आवाज बदललाय का हे पाहण्यासाठी बायकोशी मोठ्याने बोलतो, आणि मग दोघंही पहाटेपर्यंत जागी.

अशी वर्षं गेली की माणूस या आक्रसलेल्या जगण्याला सरावतो. डॉक्टरांनी विचारलं, ‘कसं चाललंय?’ की तो म्हणतो, ‘ठीक आहे.’ तो खोटं बोलत नसतो. ट्रेक, नोकरीतली बढती, दुसरं मूल या गोष्टी त्याने इतक्या आधी सोडून दिलेल्या असतात की त्या आता त्याच्या हिशेबातच नसतात. आजार आटोक्यात नाही आणि रुग्णाची तक्रारही नाही, अशी ही अवस्था आहे. एचएईच्या उपचारात सर्वांत सहज नजरेतून सुटणारा रुग्ण हाच, असं ठामपणे म्हणता येईल.

पाहण्यांमधून जे दिसलं ते याला धरूनच आहे. स्पेन, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांत झालेल्या एका अभ्यासात ३८ टक्के रुग्णांमध्ये दखल घ्यावी इतकी चिंताग्रस्तता आणि १४ टक्क्यांमध्ये नैराश्य आढळलं. अमेरिकेतल्या रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नैराश्याची लक्षणं असणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. अर्ध्याहून अधिक लोकांनी सांगितलं की आजारामुळे काही प्रकारच्या नोकऱ्यांचा त्यांनी विचारच केला नाही. या पाहण्या आजच्या प्रतिबंधक औषधांच्या आधीच्या आहेत. भारतातल्या बहुतेक रुग्णांची आजची स्थिती मात्र त्याच काळातली आहे, म्हणून त्या आपल्याला लागू पडतात.

मोजमापाची खरी साधनं गेल्या दीड दशकात आली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या कार्स्टन वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अँजिओएडिमाच्या रुग्णांसाठी जीवनमानाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात १७ प्रश्न आहेत आणि ते मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारतात. काम, हिंडणंफिरणं, फुरसतीचा वेळ, माणसांत मिसळणं यांवर काय परिणाम झाला? झोप लागते का, रात्री जाग येते का, दिवसा थकवा येतो का? खाण्यापिण्यात काय काय टाळावं लागतं? सूज अचानक येईल अशी भीती वाटते का? सुजेमुळे चारचौघांत जायची लाज वाटते का? घेत असलेल्या औषधांचे पुढे दुष्परिणाम होतील याची भीती आहे का? उत्तरांवरून ० ते १०० गुण निघतात आणि गुण जितके जास्त तितकं जगणं बिघडलेलं. गुणांत ६चा फरक पडला तर रुग्णाला तो खरोखर जाणवतो, असं ठरलं.

त्यानंतर आली ती याहून छोटी चाचणी, आजार किती आटोक्यात आहे ते पाहणारी. तिच्यात चारच प्रश्न. सूज किती वेळा आली? जगण्यावर तिचा किती परिणाम झाला? ती कधी येईल याचा नेम नसल्याने किती त्रास झाला? उपचारांनी ती किती आटोक्यात राहिली? एकूण गुण १६. दहा किंवा अधिक मिळाले तर आजार बऱ्यापैकी आटोक्यात, त्याहून कमी तर नाही. यातला तिसरा प्रश्न पाहा. सूज आलीच नाही, तरीही ती येईल या अनिश्चिततेने माणूस किती बेजार झाला, हे तो विचारतो. महिनाभरात एकही झटका न आलेला रुग्ण इथे गुण गमावू शकतो. आणि गमावतोही.

जागतिक अॅलर्जी संघटना आणि युरोपीय अॅलर्जी अकादमी यांच्या मार्गदर्शक सूचनांची २०२१ची आवृत्ती म्हणते की उपचाराचं ध्येय आजारावर पूर्ण नियंत्रण आणि रुग्णाचं आयुष्य सर्वसामान्य करणं हे आहे. झटके कमी करणं एवढ्यावर ती थांबत नाही. प्रत्येक झटक्यावर उपचाराचा विचार व्हावा, तो शक्य तितक्या लवकर व्हावा, आणि दोन झटक्यांना पुरेल इतकं औषध रुग्णाने सतत जवळ बाळगावं, असंही तिच्यात आहे. पंधरा वर्षांपूर्वी ही भाषा कोणी वापरली असती तर ती आशावादी वाटली असती. आज तिला आधार आहे.

तो आधार औषधांनी दिला. प्लाझ्मापासून वेगळं केलेलं सी-वन इनहिबिटर जर्मनीत ऐंशीच्या दशकापासून वापरात होतं. अमेरिकेत ते २००८ आणि २००९ साली मंजूर झालं. ब्रॅडिकायनिनला त्याच्या जागेवर बसू न देणारं इकॅटिबंट युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०११ साली आलं. ते पोटाच्या कातडीखाली स्वतः टोचून घेता येतं, आणि रुग्णाच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट. रात्री दोन वाजता गळा जड वाटला तर अॅम्ब्युलन्सची वाट पाहण्याआधी हातात काहीतरी असतं. २०१८ साली लॅनाडेलुमॅब आलं, कॅलिक्रीनला थोपवणारी प्रतिपिंडं, दर दोन आठवड्यांनी कातडीखाली टोचायची. १२५ रुग्णांवरच्या २६ आठवड्यांच्या चाचणीत या मात्रेने झटक्यांचा दर नकली इंजेक्शनच्या तुलनेत ८७ टक्क्यांनी खाली आला. या गटातल्या ४४ टक्के रुग्णांना त्या संपूर्ण काळात एकही झटका आला नाही. नकली इंजेक्शनच्या गटात असे लोक २ टक्के होते.

याच चाचणीत ती १७ प्रश्नांची यादीही रुग्णांपुढे ठेवली होती. ही मात्रा मिळालेल्यांचे गुण सरासरी सुमारे २१ने सुधारले. नकली औषध मिळालेल्यांचे सुमारे ५ने, म्हणजे जाणवणाऱ्या फरकाच्या उंबरठ्याच्या आतच. ८७ हा आकडा जाहिरातीत छापला जातो. २१ हा आकडा फारसा कोणी सांगत नाही, पण झोप, भीती, लाज आणि काम यांची बातमी त्याच आकड्यात आहे.

२०२०च्या डिसेंबरात अमेरिकेत रोज एक कॅप्सूल घ्यायचं बेरोट्रलस्टॅट मंजूर झालं. २०२५ साली झटका आल्यावर तोंडाने घ्यायचं पहिलं औषध, सेबेट्रलस्टॅट, मंजूर झालं. सुई टोचून घ्यायला घाबरणारा, किंवा ऑफिसच्या स्वच्छतागृहात लपून टोचून घेणारा रुग्ण झटक्याच्या पहिल्या तासात औषध घेणं टाळतो. गोळी तो पाण्याच्या घोटाबरोबर सगळ्यांसमोर घेऊ शकेल. जीवनमान सुधारतं ते बऱ्याचदा अशा बारीक गोष्टींनी. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या जनुक-संपादनाच्या चाचण्यांत याहून पुढचं पाऊल पडलं आहे. यकृतात कॅलिक्रीनचा कच्चा माल बनवणारं जनुकच एका सलाइनमधून बंद केलं जातं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यात जास्त मात्रा मिळालेल्या ११ जणांपैकी ८ जणांना पुढचे १६ आठवडे एकही झटका आला नाही. आकडा लहान आहे आणि शरीरात कायमचा बदल करणाऱ्या उपचाराकडे सावधपणेच पाहायला हवं. तरीही एकेकाळी या आजारात माणसं नुसती वाट पाहत बसत, हे आठवलं की त्या ८ जणांचं महत्त्व कळतं.

आता इथलं बोलू. लॅनाडेलुमॅबची अमेरिकेतली सुरुवातीची छापील किंमत वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर जात होती. भारतातल्या सामान्य रुग्णापर्यंत नवी प्रतिबंधक औषधं पोहोचलेली नाहीत. त्याचा उपचार चालतो तो तीन जुन्या गोष्टींवर. डॅनॅझॉल किंवा स्टॅनोझोलॉल ही पुरुषी हार्मोनांच्या कुळातली औषधं, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, आणि झटक्यात एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा. चंदीगडच्या पीजीआयमधल्या बालरोग विभागातल्या डॉक्टरांनी या आजारावर भारतातून सातत्याने लिहिलं आहे, आणि त्या लिखाणाचा रोखही हाच आहे, हाताशी आहे त्यातून रुग्ण कसा जगवायचा.

डॅनॅझॉल स्वस्त आहे आणि ते काम करतं, हे १९७६ सालच्या अमेरिकन चाचणीपासून माहीत आहे. पण त्याची किंमत शरीर मोजतं. वजन वाढतं, कोलेस्टेरॉल बिघडतं, यकृतात गाठी होऊ शकतात. स्त्रियांच्या चेहऱ्यावर केस येतात, आवाज घोगरा होतो, पाळी बिघडते. गरोदरपणात ते देताच येत नाही, लहान मुलांना देणं टाळावं लागतं. ते घेणाऱ्या तरुणीला झटके येत नसतील, तर मोजणीनुसार तिचा आजार आटोक्यात आहे. ती आरशात पाहायचं टाळते, फोनवर तिला कोणी ‘सर’ म्हणतं, लग्नाचा विषय निघाला की ती उठून जाते. हे आटोक्यात असणं तिला किती महाग पडलं आहे, ते कोणता रकाना सांगणार? दुष्परिणामांच्या भीतीबद्दल विचारणारा तो सतरावा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा आहे.

स्त्रियांना या आजाराचा भार एरवीही अधिक सोसावा लागतो. इस्ट्रोजेनमुळे झटके वाढतात. त्यामुळे इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या किंवा पीसीओडीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी, निदान न झालेल्या मुलीचा सौम्य आजार एकाएकी उग्र होऊ शकतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारख्या गोळ्याही अशाच घातक, त्या पुरुषांनाही. या दोन्ही औषधांबद्दल रुग्णाच्या हातात लेखी सूचना हवी. तिला खर्च काहीच नाही.

आणि मग लग्नाचा बाजार. घराण्यात आजार आहे हे स्थळ पाहायला आलेल्यांना सांगायचं की नाही? बहुतेक घरं सांगत नाहीत. मग सासरी पहिला झटका येतो तेव्हा सुनेला जवळ औषध नसतं, फाइल नसते, आणि आपल्याला काय आहे हे बोलायची सोयही नसते. पुढे तिच्या मुलाला सूज आली की दोष तिच्यावर येतो. एकाच घरात एका भावाला वर्षातून एकदा बोट सुजतं आणि दुसऱ्याला दर आठवड्याला पोट धरावं लागतं, असा फरक या आजारात असतो. त्यामुळे ज्याला कमी त्रास आहे तो तपासणी करत नाही, आणि ज्याला जास्त आहे तो ‘नाटकं करतो’ ठरतो.

पन्नास हजारांत एक हे प्रमाण धरलं तर २०११च्या जनगणनेतल्या ११.२४ कोटींच्या महाराष्ट्रात सव्वादोन हजारांच्या आसपास रुग्ण असायला हवेत, गोव्यात तीसेक. त्यांना शोधण्याची पहिली तपासणी, रक्तातल्या सी-फोर या प्रथिनाची, अवघड नाही. शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये ती होते. एचएईच्या बहुतेक रुग्णांत सी-फोर कमी सापडतं. ते कमी असलं की सी-वन इनहिबिटरचं प्रमाण आणि त्याचं काम या पुढच्या तपासण्या करायच्या. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही आयसीएमआरची संस्था आहे, आणि जन्मजात प्रतिकारदोषांवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे. साधनं अगदीच दूर नाहीत. खाज नसलेली, गांधी नसलेली, एव्हिलला दाद न देणारी, पुन्हा पुन्हा येणारी सूज दिसली की सी-फोर लिहायचं, एवढं तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला हवं.

निदान झालेल्या रुग्णासाठी, नवी औषधं येईपर्यंतही, पुष्कळ करता येतं. जवळच्या कोणत्या रक्तपेढीत एफएफपी मिळेल, ते वितळवायला किती वेळ लागतो, रात्री फोन कोण उचलतं, हे झटक्याच्या आधी ठरलेलं असलं की निम्मी भीती कमी होते. एफएफपी हा उत्तम उपाय नाही. त्यात सी-वन इनहिबिटर असतं तसा ब्रॅडिकायनिनचा कच्चा मालही असतो, क्वचित सूज वाढूही शकते. पण दुसरं काही नसताना ते जीव वाचवतं. दात काढायचा असेल तर आधी पाच दिवस आणि नंतर दोन-तीन दिवस डॅनॅझॉल देण्याची किंवा आधी प्लाझ्मा देण्याची पद्धत आहे. ती दंतवैद्याला माहीत असली तर दहा वर्षं टाळलेली दाढ निघते, आणि माणूस दोन्ही बाजूंनी चावून जेवू लागतो. भेटीच्या वेळी ते चार प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गुण दहाच्या खाली आले तर झटके कमी असले तरी उपचार बदलायचा विचार करायचा, असा नियम एखाद्या ओपीडीने केला तर ‘ठीक आहे’ म्हणणारे रुग्ण बोलू लागतील.

इकॅटिबंटचं अमेरिकेतलं एकाधिकाराचं कवच २०१९ साली संपलं आणि त्याचे जेनेरिक पर्याय तिथे आले. जेनेरिक औषधं बनवून जगाला पुरवणाऱ्या आपल्या देशात झटक्याचं औषध प्रत्येक निदान झालेल्या रुग्णाच्या घरी, दोन झटक्यांना पुरेल इतकं, असावं ही मागणी अवाजवी नाही. दरवर्षी १६ मे हा एचएई दिन म्हणून पाळला जातो. भारतातही रुग्णांची संघटना आहे. या मागणीला आवाज तिचाच असेल, पण तो पुरेसा मोठा व्हायचा तर अॅलर्जीतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सर्जन या सगळ्यांना तिच्या बाजूला उभं राहावं लागेल.

शेवटी मुलांबद्दल. आजार बहुधा दहा-बारा वर्षांच्या आत डोकं वर काढतो आणि वयात येताना वाढतो. ज्या घरात आई किंवा वडील रुग्ण आहेत, तिथल्या मुलाने त्यांना गळा धरून बसलेलं पाहिलेलं असतं. स्वतःला पहिली सूज येण्याआधीच तो घाबरायला शिकलेला असतो. अशा मुलाची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यावर, कारण त्याआधीचे आकडे फसवे असतात. निम्म्या मुलांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ येईल आणि त्या मुलांचं एक मोठं ओझं कायमचं उतरेल. ज्यांचं ‘हो’ येईल त्यांच्या शाळेला एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात लिहावं की याची सूज अॅलर्जी नाही आणि एव्हिलने ती उतरणार नाही. आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वास लागला तर घरच्यांची वाट न पाहता या रुग्णालयात, सोबतच्या कागदासह न्यावं. आणि एरवी त्याला खेळाच्या तासाला बाहेर बसवू नये, सहलीला न्यावं.